पाना-पक्कड : माळ्यावरून उतरलेली जावा

जुन्या गाड्यांविषयी वाचकांचे प्रश्न. उत्तरं देतात भुसावळचे एक जुने मिस्तरी, ज्यांना गिऱ्हाइकं 'नाना' म्हणतात.

या महिन्याच्या टपालात नेहमीचंच जास्त होतं. अ‍ॅव्हरेज पडलं, सेल्फ लागत नाही, शोरूमवाला म्हणतो इंजिन उघडावं लागेल, उघडू देऊ का? त्या सगळ्यांना मी पोस्टकार्डावर दोन-दोन ओळी टाकल्या आहेत. छापायला तीनच पत्रं घेतली. मधलं उत्तर जरा लांबलं आहे, कारण त्या पत्राच्या शेवटच्या ओळीत मलाच धरलं आहे.

प्रश्न : नाना, आजोबांची राजदूत 175 मोटरसायकल घरी पडून आहे. मडगार्ड कापून, हँडल खाली घेऊन, मोबाइलवर दिसतात तशी कॅफे रेसर करायची आहे. किती खर्च येईल?
एक तरुण, पारोळा

उत्तर : भाऊ, खर्च मी सांगत नाही. सांगितला की तुम्ही उद्याच ग्राइंडर भाड्यानं आणाल. राजदूत ही पळायची गाडी नाहीच. एस्कॉर्ट्सनं ती पोलंडच्या एसएचएल गाडीवरून बनवली. 173 सीसी, तीन गिअर. आपल्याकडे तिनं जन्मभर दुधाच्या कॅना, सरकीची पोती आणि मागं बसलेली दोन माणसं ओढली. मडगार्ड कापलं म्हणून ती पळणार नाही, पावसाळ्यात तुमच्या पाठीवर चिखलाचा पट्टा तेवढा उठेल. शिवाय गाडी 50 वर्षांची झाली असेल तर 'व्हिंटेज' म्हणून नोंदता येते, पण मूळ रूपात असेल तरच. हँडल बदलायचंच असेल तर बदला, ते नट-बोल्टचं काम आहे. जुनं तेल लावून गोणीत बांधून ठेवा. ग्राइंडर मात्र लावू नका.

प्रश्न : नाना, नमस्कार. मी चोपडा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. वडिलांची 1969 ची जावा 250 मोटरसायकल आहे. वडील क्लच न दाबता गिअर टाकायचे, लहानपणी मला ती जादू वाटायची. ते 2008 मध्ये गेले. 2009 च्या दिवाळीच्या सुटीत मी गाडी खोलायला घेतली. पंधरा दिवसांत जोडून टाकू असं वाटलं होतं. सुटी संपली, मग बदली झाली, मग घर बांधलं, मग मुलीची दहावी. सोळा वर्षं गाडी खळ्यातल्या खोलीत ढेपेच्या पोत्यांमागे आहे. इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, निघालेलं आहे, ब्लॉक, म्हणजे पिस्टनभोवतीचं नळकांडं, वर सरकत नाही, पिस्टन जाम. वायरिंग उंदरांनी खाल्लं. नट-बोल्ट चार डब्यांत आहेत, कोणता कुठला ते आता सांगता येत नाही. आरसी बुकावर शेवटचं नूतनीकरण 2004 चं, नाव वडिलांचंच. भंगारवाला वजनावर मागतो. घरातून म्हणतात, एक तर जोडा, नाही तर देऊन टाका. सुरुवात कुठून करू? आणि रागावू नका, पण तुमच्या माळ्यावरही एक जावा बांधून ठेवलेली आहे असं ऐकतो. ती झाली का?
एक शिक्षक, चोपडा तालुका

उत्तर : सर, शेवटचा प्रश्न आधी घेतो. तो टाळून बाकीचं सांगितलं तर तुम्ही का ऐकावं?

झाली नाही. पण माळ्यावरून खाली आली आहे.

माझी 1967 ची. नोकरी संपवून गावी निघालेल्या एका रेल्वे ड्रायव्हरकडून 2003 मध्ये साडेचार हजाराला घेतली. गाडी चालू होती. चालू गाडी मी खोलली, हे नीट लक्षात घ्या. धूर जास्त मारते, एवढंच निमित्त. 2004 च्या उन्हाळ्यात इंजिन उघडलं, 2005 मध्ये टाकी आणि रिमा क्रोमला दिल्या, आणि 2007 मध्ये सगळं गोणपाटात बांधून माळ्यावर टाकलं. त्यानंतर जो विचारेल त्याला अठरा वर्षं माझं एकच उत्तर होतं, "डायनामोकडचं सील मिळत नाही." सील म्हणजे इंजिनात बाहेरची हवा शिरू न देणारी रबरी चकती. जावा बनवणारा मैसूरचा कारखाना 1996 मध्ये बंद पडलेला, त्यामुळे हे कुणालाही पटायचं. दर खंडेनवमीला पाने, पुलर, व्हाइस यांची पूजा झाली की मी शिडी लावून माळ्यावरच्या चॅसिसलाही झेंडूचा हार घालायचो. हाताखाली पारोळ्याकडचा एक पोऱ्या होता, तो शिडी धरायचा. एका वर्षी म्हणाला, "नाना, हाई लोखंड आते तरी इकी टाका ना." म्हणजे, हे लोखंड आता तरी विकून टाका. त्या दिवशी मी त्याला चहासुद्धा पाजला नाही.

यंदा एप्रिलमध्ये सुनेनं माळा मागितला. गव्हाच्या कोठ्या ठेवायच्या होत्या, कुरडया-पापडांचे डबे होते. नाही म्हणायला तोंड नव्हतं. भुसावळचा एप्रिल तुम्हाला सांगायला नको. पत्र्याखालचं काम, सकाळी सहाला सुरू करायचो आणि दहाला सोडायचो. सात गोण्या आणि तीन डबे उतरले. दुसऱ्या डब्यात बिस्किटाच्या कागदात गुंडाळलेलं ते सील निघालं. कोरं. सोबत दुकानाची चिठ्ठी, 2006 सालची, 18 रुपये. म्हणजे गाडी बांधून माळ्यावर टाकली तेव्हा ते माझ्याकडेच होतं.

मग घोडं अडलं कुठं होतं? दोन दिवसांनी आठवलं. गिअरबॉक्समध्ये. शाफ्टवरचे पातळ वॉशर कोणता कुणाच्या आधी, हे मी लिहून ठेवलं नव्हतं. मिस्तरी माणूस, लिहायचं कशाला? मी तो गिअरबॉक्स तीनदा जोडला, तिन्ही वेळा तिसरा गिअर अडकला, आणि दारात गिऱ्हाइकं उभी असताना चौथ्यांदा उघडायची मला लाज वाटली. सील मिळत नाही म्हणणं सोपं होतं. म्हणता म्हणता ते मलाच खरं वाटायला लागलं.

म्हणून सर, आधी सुटे भाग शोधत फिरू नका. तुमची गाडी नेमकी कोणत्या दिवशी, कोणत्या नटावर थांबली ते आठवा. बदली, घर, दहावी हे सगळं नंतरचं आहे. माझा अंदाज सांगतो. ब्लॉक वर सरकेना, तुम्ही हातोडी उचलली, ब्लॉकची एक फिन, म्हणजे बाहेरची पातळ पट्टी, तुटली, आणि तुम्ही खोलीचं दार ओढून घेतलं. चुकत असेन तर कळवा.

आता कामाचं. हजेरी घेणं तुम्हाला शिकवायला नको. खळ्यात एक जुनी पांढरी चादर अंथरा, चारही डबे ओता आणि वहीत तीन रकाने पाडा, आहे, नाही, संशय. नट-बोल्ट डिझेलमध्ये धुऊन घ्या. मग चॅसिसला जे जे बसतंय ते नुसतं हातानं बसवून पाहा, पाना लावू नका. गाडीचा सांगाडा उभा राहिला की निम्मे बोल्ट आपली जागा आपण सांगतात. सात गोण्या पाहून मला वाटलं होतं अर्धी गाडी गेली. प्रत्यक्षात अकरा वस्तू कमी निघाल्या, त्यातले चार तर साधे वॉशर. हे होईपर्यंत एक रुपयाचीही खरेदी करायची नाही. आणि प्रत्येक टप्प्याला मोबाइलवर फोटो काढा. 2004 मध्ये माझ्याकडे तसा मोबाइल नव्हता, पण वही-पेन्सिल होती, तेव्हा तेही कारण टिकत नाही.

जाम पिस्टनचं असं. जावाचा ब्लॉक बिडाचा आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचं. सोळा वर्षांत रिंगांना बिडाच्या गंजानं धरलं असणार. हेड निघालेलंच आहे, तर पिस्टनवर निम्मं डिझेल, निम्मं पॉवर स्टेअरिंगचं तेल ओता आणि आठ दिवस हात लावू नका. जावाला धूर जायला दोन तोंडं, एकेका सायलेन्सरला एकेक. त्या दोन्हींतूनही थोडं सोडा. जिरलं की पुन्हा भरा. किक मारून सोडवायचा मोह होईल, तो आवरा. जावात किक आणि गिअर एकाच दांड्यावर, दांडा आत दाबून मागं फिरवला की तोच किक. त्याच्या दात्यांवर एकदा भलता जोर पडला की पुढं जन्मभर घसरतो. त्यापेक्षा इंजिन चॅसिसमध्येच असेल आणि चेन जागेवर असेल तर टॉप गिअर टाकून मागचं चाक हातानं पुढं-मागं करा. घाई नाही. चाकाला केसभर जरी खेळ आला तरी त्या दिवशी तिथंच थांबा आणि पुन्हा तेल घाला. ब्लॉक काढताना लाकडाचा ठोकळा आणि रबरी हातोडी, तीही फिनवर नाही, खालच्या जाड भागावर, फिरून फिरून चारी बाजूंनी. यात पिस्टन गेला तर जाऊ द्या, तो तसाही बदलायचा आहे. ब्लॉक जपा.

पिस्टन निघाला की कनेक्टिंग, म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा, हातात धरून वर-खाली करून पाहा. बाजूला थोडा हलला तर चालतो, उभा खेळ अजिबात नको. उभा खेळ असेल तर क्रँक प्रेसवर उघडून नवा कनेक्टिंग, पिन, रोलर घालावे लागतात आणि परत दाबताना दोन्ही बाजू एका रेषेत आणाव्या लागतात. हे घरचं काम नाही. ज्याच्याकडे डायल गेज, म्हणजे केसभर फरक दाखवणारं मापाचं घड्याळ, आहे आणि त्या गेजवर धूळ नाही, अशा लेथवाल्याकडे जा.

बेअरिंगं आणि सीलं चांगली दिसली तरी बदला. टू-स्ट्रोक इंजिनाचं पोट हवाबंद असावं लागतं. पिस्टन वर जाताना खालच्या पोटात पेट्रोल-हवा ओढली जाते आणि खाली येताना तीच दाबली जाऊन वर चढते. क्रँकच्या टोकांची सीलं कडक झाली की डायनामोकडून फुकटची हवा घुसते, क्लचकडून गिअरचं ऑइल ओढलं जातं आणि गाडी पांढऱ्या धुराचा लोट सोडते. माझी 2003 मध्ये धूर मारत होती ती याचमुळे. सीलांचं काम होतं, मी हौसेनं अख्खी गाडी खोलली. आणि ते डब्यातलं 18 रुपयांचं सील? नखानं दाबून पाहिलं तर दगडासारखं लागलं. रबर डब्यात ठेवलं तरी म्हातारं होतं. नवी जोडी पोस्टानं मागवावी लागली. तुमच्या डब्यांत जे काही रबर निघेल ते नमुन्यापुरतं ठेवा, गाडीत घालू नका.

बोअरविषयी दोनच गोष्टी, पण त्या महत्त्वाच्या. जावाचा मूळ बोअर, म्हणजे ब्लॉकचा आतला व्यास, 65 मिलिमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, 75. त्यावर पाव-पाव मिलिमीटरनं वाढीव पिस्टन येतात, पण हवा तोच मिळेल याची खात्री नसते. म्हणून पिस्टन हातात आल्याशिवाय ब्लॉक बोअरला द्यायचा नाही. दुसरं, बोअर मारून आणल्यावर ब्लॉकच्या आतल्या खिडक्यांच्या, म्हणजे धूर आणि पेट्रोल-हवेच्या वाटांच्या, कडांवरून बोट फिरवा. पात्यासारख्या लागल्या तर तसाच परत न्या आणि कडा मोडून मागा. हल्ली लेथवाल्यांचा हात फोर-स्ट्रोकवर बसलेला, त्या ब्लॉकला खिडक्या नसतात, त्यामुळे ही गोष्ट त्यांच्या ध्यानात येत नाही. धारदार कडेत रिंग अडकली की गाडी गावाबाहेर पडायच्या आत तुटते. मी माझा ब्लॉक दोनदा परत नेला. दुसऱ्या वेळी तो म्हणाला, नाना, तुम्हीच घासा. मग बारीक कानशीनं मीच घासल्या.

गिअरबॉक्सचं पुढं काय झालं तेही सांगून टाकतो. फैजपूरच्या एका जुन्या गिऱ्हाइकाकडे कारखान्याच्या सुट्या भागांच्या चित्रपुस्तिकेची झेरॉक्स होती. इतकी वर्षं मी त्यांच्या घरावरून सावद्याला जात-येत होतो, कधी विचारलं नाही. मिस्तरीनं गिऱ्हाइकाला काय विचारायचं! जूनमध्ये गेलो. त्यांनी कळण्याच्या भाकरीचं जेवण घातलं आणि मग ती पानं पुढं ठेवली. पाहिल्याबरोबर कळलं, दोन वॉशर मी उलट्या बाजूला घालत होतो. घरी येऊन चाळीस मिनिटांत गिअरबॉक्स बसला. त्या झेरॉक्सची झेरॉक्स तुम्हाला या पत्रासोबत पाठवतो आहे.

टाकी गंजली असेल तर आत व्हिनेगर आणि मूठभर नट घालून हलवा. नट मोजून घाला. मी चाळीस घातले, एकोणचाळीस निघाले. चाळिसाव्यासाठी दोन नातवंडांना गोळ्या-बिस्किटांवर कामाला लावून टाकी तासभर उलटी-सुलटी केली, तेव्हा टिणकन पडला. मग खायच्या सोड्याच्या पाण्यानं धुवा आणि उन्हात ठेवा. आपल्याकडच्या उन्हाचा उपयोग सांगा म्हटलं तर एक पापड आणि दुसरा हा. वाळली की लगेच आतून टू-टी ऑइल, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनाचं ऑइल, फिरवा, नाही तर संध्याकाळपर्यंत लाल भुकटी परत धरते.

पेट्रोलही पूर्वीचं राहिलेलं नाही. पंपावर आता 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं येतं. 1969 च्या गाडीचं रबर त्याच्यासाठी केलेलं नव्हतं. नळी इथेनॉल चालणारी घ्या, कॉकच्या चकत्या नव्या घाला. इथेनॉल ओल ओढून घेतं, म्हणून गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, कार्बुरेटर कोरडा होतो. पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल मी लिटरला 40 मिली घालतो. धूर नको म्हणून निम्मं घालणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका, त्यांना धूर दिसतो, पिस्टन दिसत नाही.

वायरिंग नवंच घाला, उंदरांचं उष्टं जोडत बसू नका. जावाला ठिणगी बॅटरीवरून मिळते, तेव्हा सहा व्होल्टची चांगली बॅटरी आधी, किक नंतर.

आणि क्रोम सगळ्यात शेवटी. माझी मोठी चूक हीच. 2005 मध्ये हातात होते ते नऊ हजार मी टाकी आणि रिमांवर घातले. टाकी आरशासारखी होऊन आली. आठ दिवस गॅरेजच्या टेबलावर मांडून ठेवली, येणारा-जाणारा तोंड पाहायचा. इंजिनाला पैसे उरले नाहीत. यंदा गोणपाट सोडलं तर पावसाळ्यांची ओल धरून क्रोमला फोड आलेले, नख लावलं की पापुद्रा निघतो. तुमच्या टाकीवर वडिलांच्या गुडघ्यांनी झिजलेलं जे काही आहे ते राहू द्या. नुसतं तेल पुसा. गाडी पाचशे किलोमीटर चालली की मग क्रोमचा विचार करा. मला तर आता नकोसंच झालंय.

कागदांचं काम खरं तर सगळ्यात आधी करा, मी मिस्तरी म्हणून इंजिनात रमलो. आरसी वडिलांच्या नावावर आहे, तेव्हा वारस म्हणून नाव लावायला फॉर्म 31, आणि नोंदणीच्या नूतनीकरणाला फॉर्म 25. नूतनीकरण पाच-पाच वर्षांचं मिळतं, पर्यावरण कर लागतो, उशिराचं काय भरायचं ते परिवहन कार्यालयातच विचारा. चॅसिसवर आणि इंजिनावर ठोकलेले नंबर बुकाशी जुळतात का ते आजच पाहा, कागद ठेवून वरून पेन्सिल घासली की उमटतात. हे नंबर झाकल्याशिवाय चॅसिस रंगायला देऊ नका. पॉलिश पेपर मारणारा पोऱ्या नंबरही घासून टाकतो, मी पाहिलंय.

व्हिंटेज नोंदणी 2021 च्या नियमांप्रमाणे होते. तुमची गाडी 50 च्या पुढची आहे, बसेल त्यात. पहिल्या नोंदणीची फी 20,000 रुपये, मुदत दहा वर्षं. पण ती गाडी रोज रस्त्यावर काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच. तुम्हाला वडिलांच्या गाडीवर शेतात आणि शाळेत जायचं असेल तर साधं नूतनीकरणच बरं. काचेच्या कपाटात ठेवायची असेल तर व्हिंटेज. तुमच्या पत्रावरून मला तरी शेत वाटतंय.

पैशाचं तुम्ही विचारलं नाही, पण घरातून विचारतील. मला आतापर्यंत 41 हजार लागले, रंग-क्रोम सोडून, आणि माझी मजुरी धरली नाही. तुम्हाला त्याच्या वर लागतील. जोडून विकायचा बेत असेल तर करू नका, प्रत्येक बिलाला पोटात दुखेल. आणि घरात सांगताना आकडा एकदम सांगा. मी हप्त्याहप्त्यानं सांगितला, तर सुनेनं त्याची वहीच घातली.

आता माझ्या गाडीची आजची हालत. मागच्या रविवारी पहाटे पहिल्यांदा रस्त्यावर काढली. हेडलाइट नाही, सीटवर पोतं टाकलेलं, सायलेन्सर लाल गंजाचे. कार्बुरेटरचं बटण दाबून पेट्रोल ओघळू दिलं, सहाव्या किकला लागली. यावल रस्त्यानं तापीच्या पुलापर्यंत गेलो. तिसरा गिअर पडला तेव्हा मी एकटाच मोठ्यानं काहीतरी बोललो, काय ते छापण्यासारखं नाही. येताना पुलाच्या अलीकडे बंद पडली. केळीनं भरलेल्या ट्रॅक्टरवाल्यानं गाडी थांबवून विचारलं, बाबा, ढकलू का? प्लग काढला तर काजळीनं ओला होता. धोतराच्या सोग्यानं पुसून परत घातला, दुसऱ्या किकला लागली. ट्रॅक्टरवाला तेवढा वेळ थांबून होता, निघताना म्हणाला, आमच्या आबांकडे पण एक आहे, ज्वारीच्या कणगीमागे.

दिव्याचं काम दिवाळीच्या आत करायचं आहे. तुमचा ब्लॉक निघाला की, सर, तो आणि ती वही घेऊन एकदा भुसावळला या. रविवार सोडून या. रविवारी मी आता नसतो.

प्रश्न : नाना, माझे यजमान अकरा वर्षं 'पुढच्या रविवारी' म्हणताहेत. त्यांच्या येझदी मोटरसायकलच्या क्लच प्लेटा शोकेसमध्ये, कार्बुरेटर लोणच्याच्या बरणीत पेट्रोलमध्ये बुडवलेला, सीट माझ्या शिलाई मशीनखाली. पडवीत उरलेली गाडी आहे, तिच्यावर मी दरवर्षी वाल वाळत घालते. एखाद्या दुपारी मी ती गुपचूप भंगारात दिली तर गुन्हा होईल का?
एक गृहिणी, शहादा

उत्तर : ताई, वरचं पत्र वाचलंत तर मी कुणाच्या बाजूनं बोलणार ते कळलंच असेल, तरी सांगतो. गाडी त्यांच्या नावावर आहे. नोंदणी रद्द न करता भंगारात गेली तर कार्यालयाच्या दप्तरी ती जिवंतच राहते. उद्या त्या नंबराचं काही निघालं तर पोलीस तुमच्याच पडवीत येतील, आणि तेव्हा यजमानांना काय सांगाल?

'कधी पूर्ण होणार' हे मात्र विचारणं सोडा. त्या प्रश्नाला कुठल्याही पुरुषाकडे 'पुढच्या रविवारी' याखेरीज उत्तर नसतं. पूर्ण गाडी मागू नका, एकच वस्तू मागा. येत्या रविवारी सकाळी चहाच्या कपाशेजारी वर्तमानपत्र अंथरून त्यावर तो कार्बुरेटर ठेवा आणि म्हणा, बरणी रिकामी हवी आहे, एवढं उघडून, पुसून जोडून द्या. पाऊण तासाचं काम आहे. जेटच्या, म्हणजे पेट्रोल येतं त्या बारीक, भोकात तार किंवा सुई घालू नका म्हणावं, भोक मोठं होतं, ब्रशचा एक केस पुरतो. जोडून झाला की दुपारी ते आपण होऊन पडवीत जातील. तुमचे वाल त्याच्या आधी उचलून घ्या.

बरणी मात्र परत लोणच्याला वापरू नका. कितीही घासली तरी पेट्रोलचा वास जात नाही, आणि पहिला घास तुम्हालाच लागेल.